बंदुकीतली कमान कुठे गेली?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'बँकेतील माझे अनुभव'. 36 वर्षांच्या नोकरीतले सगळे अनुभव सांगायला बसलो तर रात्रीचं जेवण इथेच मागवावं लागेल, आणि दिंडोशीच्या डेपोतून शेवटची बस सुटून जाईल. म्हणून मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू करंगळीच्या पेराएवढी होती, तिची किंमत त्या काळी रुपया-दोन रुपयांच्या वर नसेल, आणि ती मी स्वतः कधी पाहिलीच नाही. कारण मी पोचण्याच्या आधीच ती हरवलेली होती. ती होती आमच्या शाखेच्या बंदुकीतली एक स्प्रिंग. जुने लोक तिला कमान म्हणतात.

आता बँकवाल्याचा आणि बंदुकीचा काय संबंध, असं इथल्या मुलांना वाटेल. हल्ली तुम्ही बँकेत जातच नाही, बँकच तुमच्या मोबाइलमध्ये येते. पण पूर्वी प्रत्येक मोठ्या शाखेच्या दारात स्टुलावर एक गार्ड बसलेला असायचा, बहुधा निवृत्त फौजी, आणि त्याच्या हातात दुनळी बारा बोअरची बंदूक. त्या बंदुकीचं लायसन्स बँकेच्या नावावर असे आणि गार्डचं नाव त्यावर 'रिटेनर' म्हणून चढवलेलं असे. बंदुकीचा नंबर रजिस्टरात. काडतुसं नोटांसारखी मोजून ताब्यात द्यायची आणि घ्यायची. गार्ड बदलला की चार्ज रिपोर्टवर दोघांच्या सह्या व्हायच्या. थोडक्यात, कागदावर सगळं चोख.

बंदूक माझ्या हाताला अगदीच परकी नव्हती. चीनच्या युद्धानंतर 1963 पासून काही वर्षं कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची होती. माझ्या वयाची जी मंडळी समोर बसली आहेत त्यांना ती खाकी हाफ पँट आणि रविवारची परेड आठवत असेल. आम्हाला थ्री नॉट थ्री रायफल खोलायला आणि जोडायला शिकवायचे. शिकवणारे उस्ताद लष्करातले. जमिनीवर सतरंजी अंथरायची. जो भाग आधी निघेल तो डावीकडे ठेवायचा, मग त्याच्या उजवीकडे पुढचा, मग त्याच्या उजवीकडे त्याच्या पुढचा. जोडताना उलट्या क्रमानं उजवीकडून डावीकडे यायचं. दोरीला चिंधी लावून नळी ओढून पुसायची. आणि एक ताकीद दर वेळी मिळायची : बोल्ट बाहेर काढा, पुसा, परत घाला, पण बोल्टच्या पोटात शिरायचं नाही. आत स्ट्रायकर आहे, कमान आहे, ते आर्मररचं काम. एखादा हुशार मुलगा विचारायचा, "उस्ताद, क्यों?" उस्ताद म्हणायचे, "निकल तो जाएगा, बेटा. वापस कौन डालेगा?"

आता त्या शाखेची गोष्ट. बँकेचं आणि गावाचं नाव सांगत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, ऐंशीच्या दशकातला काळ. मी अकाउंटंट म्हणून नुकताच बदलून आलो होतो. शाखेतले गार्ड निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले एक हवालदार रुजू होत होते. त्या दिवशी नेमकी बाहेरच्या शाखेला कॅश पाठवायची होती. जीप दारात उभी, पेटी तयार, मॅनेजरसाहेबांची घाई. मी चार्ज रिपोर्ट हवालदारांपुढे ठेवला आणि म्हटलं, "हवालदार, इथं सही करा."

ते म्हणाले, "साहेब, सही करतो की. पर आधी बंदूक बघतो."

त्यांनी बंदूक घेतली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, आणि ती मोडून धरली. मोडून म्हणजे तोडून नव्हे. दुनळी मधोमध उघडते, त्याला मोडणं म्हणतात. उघडली की समोर एक सपाट लोखंडी तोंड दिसतं आणि त्यात दोन बारीक भोकं असतात. चाप ओढला की आतला घोडा पडतो, या भोकांतून पिनचं टोक क्षणभर बाहेर येतं, काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आपटतं आणि बार उडतो. टोक लगेच मागे जायला हवं. त्यासाठी पिनवर एक बारीक कमान बसवलेली असते.

हवालदारांनी बंदूक पुढे कलवली. एका भोकातून टोक हळूच बाहेर आलं. वर उचलली, टोक आत गेलं. परत कलवली, परत बाहेर. दुसऱ्या भोकात काहीच हालचाल नाही. त्यांनी हे मला तीन वेळा करून दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, हितं कमान न्हाई."

मी विचारलं, "म्हणजे ही नळी उडणार नाही?"

"उडंल बी आन् न्हाई बी. उडली न्हाई तर परवडलं. पर टोक भाईर असताना काडतूस घालून बंदूक मिटली, तर मिटतानाच उडंल. तुमी आमी म्होरं उभं असताना."

मंडळी, मला हा मुद्दा त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता. मला वाटायचं, एखादा भाग हरवला की यंत्र बंद पडतं. बंद पडलं तर निदान कळतं तरी. पण काही भाग असे असतात की ते हरवले तरी यंत्र चालू राहतं, फक्त नको त्या वेळी चालतं. ती बंदूक आमच्या दारात महिनोन्‌महिने उभी होती. रोज सकाळी तिच्यात काडतुसं भरली जात होती, संध्याकाळी काढली जात होती, आणि समोरून पेन्शनर, शेतकरी, पोरंबाळं घेतलेल्या बायका आत-बाहेर करत होत्या.

हवालदारांनी सही केली नाही. मॅनेजरसाहेब तापले. कॅश त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्त मागवून पाठवली. मी आणि हवालदार बंदूक आणि बँकेचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या गावी लायसन्सवाल्या शस्त्रविक्रेत्याकडे गेलो.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक वयस्क कारागीर बसलेले होते. समोर पांढरा कपडा, त्याच्या चारही कडा वर दुमडलेल्या, परातीसारख्या. त्यावर एक बत्तीस बोअरचं पिस्तूल सुट्टं करून ठेवलेलं. शेजारी प्लॅस्टिकची पिशवी. कुणा बागायतदारांनी पावसाळा संपला म्हणून पिस्तूल घरी साफ करायला घेतलं होतं, आणि जोडता येईना म्हणून सगळे भाग पिशवीत भरून आणून दिले होते. कारागीर म्हणाले, "दिवाळीच्या आधी अशा पिशव्या फार येतात. आणि प्रत्येक पिशवीत काहीतरी कमी असतंच."

आमचं काम होईपर्यंत त्यांनी मला समजावून सांगितलं. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात कमानी पुष्कळ. वरचा सरकणारा भाग मागे गेला की त्याला पुढे ढकलणारी मोठी कमान. पिनवरची कमान. रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्यामागची कमान. मॅगझिनमधली कमान. आणि सगळ्यात छळणारे म्हणजे बॉलपेनच्या टोकाएवढे दट्टे, ज्यांच्या पाठीमागे त्याहून बारीक कमान दडलेली असते. हे दट्टे खटक्याला जागेवर धरून ठेवतात. खटका काढला की दट्ट्याला अडवणारं कुणी उरत नाही. खोलणाऱ्याला वाटतं आपण फक्त एक पट्टी बाजूला केली. तोपर्यंत दट्टा खिडकीतून बाहेर गेलेला असतो.

पुढे मी याबद्दल थोडं वाचलं. अमेरिकन लष्करानं 1911 साली जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचं एक पिस्तूल स्वीकारलं, ते पुढे कित्येक दशकं वापरात होतं. त्याच्या नळीखालची कमान सुमारे 7 किलोच्या दाबाची असते आणि तिच्या तोंडाशी अंगठ्याच्या नखाएवढं एक टोपण असतं. खोलताना ते टोपण अंगठ्यानं दाबून धरून वरची कडी फिरवावी लागते. अंगठा निसटला की टोपण छताला. ते डोळ्यावर बसू नये म्हणून चष्मा घाला, असं जाणकार सांगतात. म्हणजे शंभर वर्षं माणसं हीच झटापट करत आहेत.

असो. कारागिरांनी आमची दुनळी खोलली. एका पिनवर कमान होती, दुसऱ्या पिनवर नव्हती. मोडलेली नव्हे, गंजलेली नव्हे, मुळात नव्हतीच. म्हणजे कुणीतरी बंदूक आतपर्यंत खोलली होती.

आम्ही परत येताना आधीच्या गार्डच्या घरी गेलो. बिचारे साधे गृहस्थ. चहा ठेवला. हवालदारांनी फौजी भाषेत विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसले आणि मग सगळं सांगितलं. पावसाळ्यात बंदुकीला गंज धरला होता. तपासणी येणार होती. म्हणून शाखेच्या गच्चीवर नेऊन त्यांनी ती खोलली. पिन उडाली, कमान उडाली. पिन पन्हाळीत सापडली. कमान दोन दिवस शोधली, मिळाली नाही. मग त्यांनी तशीच बंदूक जोडली आणि चाप ओढून पाहिला. 'कट्' असा आवाज आला. त्यांना वाटलं, आवाज आला म्हणजे झालं. निवृत्तीला सात महिने उरले होते.

मी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "साहेब, बंदुकीचा भाग हरवला म्हटल्यावर चौकशी लागली असती. पेन्शन अडली असती. पोरीचं लग्न ठरलेलं होतं."

या उत्तरावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगणं सोपं नाही. कमान त्यांच्या हातून निसटली, ही गोष्ट कुणाच्याही हातून होते. पण आपल्याकडे व्यवस्था अशी असते की जो सांगतो तो अडकतो आणि जो झाकतो तो सुखानं निवृत्त होतो. मग लोक झाकायलाच शिकतात. आमचे मॅनेजरसाहेब तापट होते, पण शहाणे होते. त्यांनी रिपोर्टात लिहिलं की चार्ज देताघेताना तपासणीत कमान नसल्याचं आढळलं, दुरुस्ती करून घेतली, खर्च इतका. कुणाचं नाव घातलं नाही. आणि शाखेत सगळ्यांना बोलावून सांगितलं, "इथून पुढे काही हरवलं, मोडलं, तर त्याच दिवशी मला सांगा. मी ओरडेन. पण ओरडण्यापलीकडे काही करणार नाही." तेवढ्यानं फरक पडला. पुढच्याच महिन्यात स्ट्राँगरूमच्या किल्लीचा कोपरा झिजल्याचं शिपायानं आपणहून येऊन सांगितलं.

हा मामला फक्त जुन्या बंदुकींचा आहे असं समजू नका. 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत उतरली. पहिल्या दहा नेमांत 98 गुण. पुढे सोळा नेम झाले आणि पिस्तूल बिघडलं. इलेक्ट्रॉनिक चापाचं, जगातल्या उत्तमांपैकी एक पिस्तूल. त्याचा एक छोटा खटका मोडला होता. आपल्या मुंबईचे नेमबाज आणि प्रशिक्षक रोनक पंडित तेव्हा तिच्याबरोबर होते. पंधरा-वीस मिनिटं दुरुस्तीत गेली आणि घड्याळ काही थांबलं नाही. ती परत आली, उरलेले 44 नेम घाईघाईत मारले आणि एकूण 575 गुण झाले. अंतिम फेरीत शेवटचा आठवा क्रमांक 577 ला मिळाला. दोन गुण. पुढे 2024 ला पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं मिळवली हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच. मला त्यात लक्षात राहिलं ते एवढंच की बिघाड झाल्यावर ती थांबली. 'चालतंय का बघू' म्हणून आणखी दोन नेम मारले नाहीत.

आता थोडं घरगुती बोलू. आपल्या कुणाच्या घरी पिस्तूल नाही, आणि नाही तेच बरं. असेल कुणाकडे लायसन्सचं, तर मॅगझिन आधी बाहेर, नळी डोळ्यानं आणि बोटानंही तपासायची, मुलं दुसऱ्या खोलीत, आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच खोलायचं. बाकीचं आर्मररकडे. पण कमानी आपल्या घरात सगळीकडे आहेत. मिक्सरच्या भांड्याखाली, गॅसच्या लायटरमध्ये, मनगटी घड्याळाच्या पट्ट्याच्या दांडीत, दाराच्या कुलपात, प्रेशर कुकरच्या काही झाकणांत. त्या कारागिरांकडून मी ज्या युक्त्या शिकलो त्या सांगतो. माझ्या सौ. म्हणतात की छत्तीस वर्षांच्या नोकरीतून घरी आलेली ही एकमेव उपयोगी गोष्ट.

पहिलं, मांडी घालून खाली बसा. टेबलावरून पडलेली वस्तू कुठवर जाईल सांगता येत नाही. खाली पांढरी चादर, तिच्या कडा वर वळवलेल्या. कमान सुटेल असं वाटत असेल तर ती वस्तू आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून खोला. उडाली तरी पिशवीतच उडेल. भाग निघतील त्या क्रमानं डावीकडून उजवीकडे ठेवत जा. आणि आता तुमच्याकडे मोबाइल आहे, तर प्रत्येक पायरीला फोटो काढा. आमच्या उस्तादांना ही सोय असती तर त्यांचे निम्मे केस तरी वाचले असते.

दुसरं, उडालीच तर उठू नका. बहुतेक जण इथेच घोळ घालतात. झटकन उठतात, आणि मांडीवर पडलेली कमान लांब फेकली जाते किंवा पायाखाली जाते. आधी मांडीवर, बाहीत, सदऱ्याच्या घडीत, खिशात बघा. मग कान आठवा : आवाज कुठून आला, लादीवरून की कपाटाच्या पत्र्यावरून? मग दिवे मालवून टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा. प्रकाश आडवा पडला की कमान दिसली नाही तरी तिची लांब सावली दिसते. आपल्या इमारतीत पहिल्यापासूनच्या ज्या घरांत अजून मोझेकच्या लाद्या आहेत त्यांनी ही युक्ती जरूर करावी, कारण मोझेकवर पडलेली बारीक वस्तू म्हणजे गणपतीच्या गर्दीत हरवलेलं पोर. मग चुंबकाला कागद गुंडाळून फिरवा; पोलादी कमान चिकटते, पितळेची चिकटत नाही. शेवटी स्वच्छ केरसुणीनं झाडा आणि कचरा सुपात घेऊन पाखडा.

तिसरं, जोडून झाल्यावर चादरीवर काही उरलं असेल, तर ते जास्तीचं नसतं. कारखानदार दोन पैशांची कमानसुद्धा उगाच घालत नाही. आणि नाहीच सापडली, तर वस्तूवर चिठ्ठी चिकटवा : 'वापरू नये, स्प्रिंग नाही.' घरातल्या दुसऱ्या माणसाला ते बाहेरून दिसत नसतं.

आता सोसायटीकडे येतो, कारण खरं म्हणजे त्यासाठीच हे सगळं पाल्हाळ लावलं. आपल्यातल्या जुन्या सभासदांना ती सकाळ आठवत असेल. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती. आपल्या वॉचमननं दार उघडून पाय टाकण्याआधी खाली पाहिलं म्हणून वाचला. नंतर कळलं की आदल्या दिवशी दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या हातून त्या दाराच्या कुलपातली एक स्प्रिंग पडली, लिफ्टच्या खड्ड्यात गेली. त्यानं कुलपाची वायर जोडून लिफ्ट चालू करून दिली. 'उद्या आणून बसवतो' म्हणून निघून गेला. लिफ्ट चालू झाली म्हणून आपण सगळे खूश. बटण दाबलं की येत होती, जात होती. आवाज येत होता म्हणजे झालं! गच्चीवरच्या त्या गार्डनं केलं त्यापेक्षा यात वेगळं काय होतं? आणि तो मुलगाही घाबरलेलाच होता. मालक पगारातून कापेल, लिफ्ट बंद ठेवली तर सभासद आरडाओरडा करतील. आपण करतोच, हे कबूल करायला हवं. तासभर लिफ्ट बंद राहिली की वॉचमनच्या फोनला उसंत नसते.

आपल्या इमारतीला आता पंचवीस वर्षं झाली. पाण्याचे पंप, आगीच्या नळांचे व्हॉल्व्ह, मीटर रूम, लिफ्ट, सगळं त्याच वयाचं. यापुढे खोलणं आणि जोडणं वाढतच जाणार. म्हणून समितीला माझी एक विनंती आहे. ऑफिसात एक वही ठेवावी. काम करायला आलेल्या प्रत्येकानं जाताना तीन ओळी लिहाव्यात : काय खोललं, काय बदललं, काय बसवायचं राहिलं. तिसऱ्या ओळीत काही लिहिलं असेल तर ती वस्तू बंद ठेवावी, मग कितीही फोन येवोत. आणि जो खरं लिहील त्याला त्या दिवशी कुणी बोलू नये. चहा द्यावा. आम्हा वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या वतीनं मी शब्द देतो की लिफ्ट बंद असली तर आम्ही जिना चढू, मध्ये दोनदा टेकू, पण तक्रार करणार नाही.

ते हवालदार नंतर माझ्या शाखेत चार वर्षं होते. रोज सकाळी काडतूस भरण्याआधी बंदूक मोडून पुढे कलवायचे आणि दोन्ही भोकं बघायचे. नवीन आलेला कारकून हसायचा. त्यांनी कधी कुणाला समजावत बसण्याची तसदी घेतली नाही, आणि एकही दिवस ते चुकवलं नाही.

वहीचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत यावा अशी मी सूचना मांडतो. अनुमोदन कुणी द्यायचं ते तुम्ही ठरवा.